वळण

सरळ रेषा हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, असं ड्रॉइंगचे दत्तोपंत मास्तर गरजले. शिवाजी पेठेत, भाऊसोच्या सायकल दुकानासमोर, आपल्या सायकलच्या डायनामोच्या वायरीवरून.

"हँडलपाशी वायरीला हा झोळ कसला सोडलायस? गबाळा कुठला!"

"मास्तर, झोळ लागतोय तितं. ऱ्हाऊ द्या की."

"तुझ्या हाताला वळणच नाही, भाऊसो."

"कसं असंल? सहावीत ड्रॉइंग तुम्हीच शिकवलंय की!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मास्तर लालबुंद झाले. "पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढलो तर नाव बदलीन!"

"बदला. पर चढू नगा!"

मास्तरांनी आठवडाभर घरी खपून ती वायर स्वतः बसवली. मागच्या चाकाच्या डायनामोपासून हँडलवरच्या दिव्यापर्यंत फुटपट्टीनं आखल्यासारखी, तारेसारखी ताठ, कुठं बोटभर झोळ नाही. रविवारी संध्याकाळी घरापासून नाकासमोर सरळ जाणाऱ्या गल्लीतनं ते मुद्दाम भाऊसोच्या दुकानापर्यंत आले. दिवा असा लख्ख की समोरच्या तालमीतले पैलवानही बाहेर येऊन बघत राहिले. भाऊसो मान खाली घालून पंक्चर काढत बसला.

दुकानाशी गल्ली संपते. मास्तर उतरले आणि तिथंच उभे राहिले. पैलवान आत गेले, गिऱ्हाइकं पांगली, तरी मास्तर उभेच.



शेवटी पायरी न चढता, आवाज खाली आणून ते म्हणाले, "भाऊसो, हँडल फिरवलं तर वायर तुटेल. तेवढी सायकल उचलून घराकडं तोंड करून देता का?"