रविवारचा टोप

शवपेटीतल्या आमच्या लेकीसाठी बायकोनं आपला रविवारी चर्चला घालायचा, सरळ केसांचा टोप आणला, पण ओनिटानं हौसेनं राखलेल्या जाड जटांवर तो बसेना. अंत्यविधीवाल्यानं कात्री उचलली तेव्हा ओनिटाची जटावाली मैत्रीण आडवी आली. “एर्लिनमावशी, उसने केस तुम्हाला लखलाभ. आपण काळी माणसं, हिला गोऱ्यांसारखं दिसायचं नव्हतं.” बायकोनं डोक्यावरचा रोजचा टोप उतरवला. ती रात्रीही रेशमी टोपीत झोपायची. तिचं उघडं डोकं मी प्रथमच पाहिलं. केस सरळ करणाऱ्या औषधानं टाळू ठिकठिकाणी भाजली होती. “हे सोसलं म्हणून गोऱ्यांकडची नोकरी टिकली, हिची फी भरली. तू मला शिकवतेस, पोरी? कापा हो तुम्ही.” अंत्यविधीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. एरवी असल्या वेळी मी पुस्तकात तोंड खुपसतो. “कात्री ठेवा,” मी कसाबसा म्हणालो. चर्चमध्ये एर्लिन माझ्याच बाकावर बसली. आम्हा दोघांमधल्या जागेवर तिनं टोपाचा खोका ठेवला.