कान्याची जागा

“टर्नरच्या वर्गात तुम्ही एकट्याच मुलगी होतात. मग टिकलात कशा?” मुलींच्या तंत्रशिक्षणावर संशोधन करणाऱ्या प्रणोतीने रेकॉर्डर सुरू केला. सत्तरीच्या कुंदाताईंना आयटीआयच्या वर्कशॉपमधला ऑइलचा वास आठवला.

“भिंतीवर शपथ रंगवलेली होती. ‘चालू यंत्रासमोर मी सावध उभा राहीन.’ रोज सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची. मुलांच्या गलक्यात मीही ‘उभा’च म्हणायचे. एकदा मुलं मॅचला पळाली, तेव्हा मी एकटीच म्हणाले. काळसेकर सर थबकले. ‘अगं, तू उभा कशी राहशील?’ मी म्हटलं, ‘सर, तसंच लिहिलंय.’”

“मग?”

“सर सरळ कानस घेऊन स्टुलावर चढले आणि ‘उभा’मधला काना खरवडून टाकला. उरलं नुसतं ‘उभ’. दुसऱ्या दिवशी मुलं ‘उभा’ म्हणाली, मी ‘उभी’. माझा आवाज मला पहिल्यांदाच वेगळा ऐकू आला.”

ताई स्वतःशीच हसल्या.

“दिवाळीच्या सुट्टीत रंगारी आला. म्हणाला, ‘सर, इथला काना उडालाय, रंगवून देतो.’ सर म्हणाले, ‘राहू दे. ती जागा मुलींसाठी ठेवलीय.’”