इथलं इथंच

"बोला, व्हर्ना. इथं तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही," इस्पितळाच्या चौकशी समितीचे अध्यक्ष डॉक्टर प्रेविट म्हणाले.

प्रत्येक बैठकीआधी ते कायद्याचा तोच परिच्छेद प्रार्थनेसारखा वाचत. सहकाऱ्याच्या चुकीबद्दल जो या खोलीत खरं बोलेल, त्याच्यावर खटला भरता येत नाही. इथला शब्द कोर्टातही जात नाही. टेनेसीच्या डोंगरातल्या त्या छोट्या इस्पितळात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

डॉक्टर व्हर्ना स्टिडम भूल देणारी. तिनं काहीच हातचं राखलं नाही. विलर्ड हेन्सलीच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर टॅकेटांचा हात थरथरला आणि भलतीच रक्तवाहिनी कापली गेली. रक्तदाब घसरत होता. दुसऱ्या सर्जनला बोलवा, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. टॅकेट म्हणाले, तू तुझं झोपवायचं काम बघ. विलर्ड टेबलावरच गेला. त्याच्या बायकोला सांगण्यात आलं, हृदय बंद पडलं.

ती बायको, ओपल, खालच्या कँटीनमध्ये कामाला होती. समितीपुढची गरम बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ छोटे पाव, तिच्याच हातची. तुम्ही शर्थ केलीत हो, असं ती रोज व्हर्नाला म्हणायची आणि व्हर्ना ताट तसंच टाकून उठायची.

समितीनं सुस्कारे सोडले. टॅकेटांच्या जिवावर इस्पितळ चाललं होतं. त्यांना समज द्यायची, एवढंच ठरलं.

"तुमचंही मन हलकं झालं," प्रेविट म्हणाले. "आता इथलं इथंच."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं बोलणाऱ्याला सांभाळायला कायदा केला, आणि या शहाण्यांनी त्याचं झाकण करून टाकलं. बैठकीत बसलेल्या इस्पितळाच्या वकिलाला तिनं सरळ विचारलं, मी इथं बोलले ते बंद झालं. पण मी ऑपरेशनच्या खोलीत पाहिलं, त्याचं काय?

वकील चुळबुळला. पण माणूस सरळ होता. प्रेविट डोळे वटारत असतानाही त्यानं सांगितलं, की इथं बोललेलं इथं राहतं, डोळ्यांनी पाहिलेलं मात्र तुमचंच. फक्त दाराबाहेर हा कायदा तुमच्या पाठीशी नसेल. टॅकेट तुम्हाला कोर्टात खेचतील, नोकरीही जाईल.

"जाऊ दे," व्हर्ना म्हणाली आणि उठली.

कँटीनमध्ये नाश्त्याची रांग लागली होती. व्हर्ना रांग ओलांडून थेट ओपलपुढे उभी राहिली. चारचौघांत, आवाज बारीक न करता, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. ओपलनं हातातला डाव खाली ठेवला आणि ॲप्रनला हात पुसले. ती रडली नाही.

"मला ठाऊक आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "ऑपरेशनला होते त्यातले दोघं मला कानात सांगून गेलेत. दोघंही म्हणाले, ओपलबाई, आमचं नाव तेवढं कुठं घेऊ नका."

"माझं घ्या," व्हर्ना म्हणाली.