पंधरा लिटर

गच्चीवर स्ट्रॉबेरीच्या बावीस कुंड्या होत्या आणि त्यांना एकशे सहा फळं लागली होती. नळाला पाणी मात्र आठ दिवसांनी यायचं आणि आठशे लिटरची टाकी सातव्याच दिवशी कोरडी पडायची. जुनेदनं घरातला एकेक वापर मोजला. अब्बांना वजूला, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, पाच वेळचे मिळून पंधरा लिटर लागत. तेवढे वाचले की टाकी बरोबर आठ दिवस पुरत होती.

"अब्बा, उद्यापासून वजू खाली मशिदीतच करत जा."

"पाणी मोजलंस, तशा पायऱ्याबी मोजायच्या होत्या, बेटा," अब्बा हसून म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते गुडघ्यावर हात ठेवत पाचही वेळा तीन मजले उतरू-चढू लागले.

तिसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरीनं माना टाकल्या. जुनेद बायकोवर चिडला. "वहिदा, झाडांना पाणी नाही घातलं?"

"मी कधी घालत होते? अब्बा कुंड्यांपाशी बसूनच वजू करायचे. रोज पाळीपाळीनं प्रत्येक कुंडीला पाणी मिळायचं."

जुनेद तसाच अब्बांकडं गेला. "अब्बा, चुकलं माझं. वरतीच करत जा वजू."

"नको रे. आता वरती बसलो की माझं सगळं ध्यान मापाकडंच जाईल."

वहिदा टाकीतून पाणी काढून कुंड्यांना घालू लागली. जुनेदनं तेही मोजलं. रोज पंधरा लिटर.

पुढच्या खेपेला टाकी सातव्या दिवशी कोरडी पडली.