शौलाच्या उशाचा भाला

चाकणच्या कंपनीत उजगरे सुपरवायझरनं प्रेस मशीनचं गार्ड काढायला लावलं, सालोमीच्या पप्पांची तीन बोटं गेली, आणि वर तोच म्हणाला, "चूक यांचीच." आज थेरगावच्या चर्चमध्ये मुलांचं कीर्तन होतं, कीर्तनकार सालोमी, आणि उजगरे पहिल्याच बाकावर होता. "भर कीर्तनात नाव घेऊन सोलते त्याला," सालोमीनं मनाशी म्हटलं. तिनं आख्यान रंगवलं. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गाढ झोपलेला, उशाशी भाला, आणि तो भाला आता दाविदाच्या हातात! "मंडळी, असाच एक शौल आज इथंही बसलाय!" उजगरेची मान खाली गेली. सालोमीला गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. आता फक्त नाव! तेवढ्यात झील धरणाऱ्या मुलांमधली उजगरेची धाकटी मुलगी नाओमी मध्येच बोलली, "ताई, मग मारलं त्याला?" "नाही." "का गं?" जिभेवरचं नाव सालोमीनं गिळलं. "शौलालाही लेक होती, बाळा."