बादलीची वेळ

पुष्करच्या समुद्री प्रवाळांच्या टाकीत प्लास्टिकच्या पाइपचे सात एल्बो, चार टी-जोड आणि सॉसच्या बाटल्यांची कापून बसवलेली अकरा तोंडं होती. प्रवाह वाढवायला हे सगळं त्यानं घरीच जोडलं होतं, आणि टाकीतलं पाणी तासाला वीसदा फिरतं हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला स्टॉपवॉच लावून दाखवत असे.

“तुझ्या प्रवाळांना धबधबा, आणि स्वयंपाकघरातला माझा नळ शेंबडा!” त्याची आई सुधाताई म्हणाल्या. थाटीपुरातल्या त्यांच्या घरी दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी येई. तेवढ्यात जेमतेम दोन बादल्या भरत.

“खालचे गुप्ताजी मोटर लावून पाणी ओढतात, आई. आज पुराव्यानिशी पकडतो.” पुष्करनं बादली भरायची वेळ मोजली: एकोणीस मिनिटं. मग स्टॉपवॉच घेऊन तो तरातरा खाली गेला.

गुप्ताजींनी मोटरवरची धूळ फुंकली. “दिवाली से जली पड़ी है, पुष्करजी. हम तो आप ही पर शक कर रहे थे.”

तो वर आला, तेव्हा सुधाताई सिंकखाली वाकून बसल्या होत्या. प्रवाळांसाठी पाण्याचं पिंप भरायला पुष्करनंच तिथं नळाच्या पाइपला एक जाड टी-जोड आणि त्यावर चावी बसवली होती.

“सगळ्या गल्लीचं मोजून झालं ना? आता तुझी ही चावी बंद करून मोज.”

 

एक बादली: दोन मिनिटं, दहा सेकंद.