सोड की ओढ

“सोड!” धाकटी ओरडली आणि दादाने दोर जीव खाऊन ओढला.

शिडात आधीच वाऱ्याचा झोत भरलेला, त्यात ते आणखी ताणलं गेलं. बोट एका कुशीवर अशी कलली की डेकच्या कडेवरून पाणी आत आलं, आणि खाली वहिनीने उकडून ठेवलेले बटाटे पातेल्यासकट गडगडत गेले. धाकटीने अंगातलं सगळं बळ लावून सुकाणू फिरवलं, तेव्हा कुठे बोट सरळ झाली.

“इतका कसा रे ढ तू!” तिच्या तोंडून निघून गेलं. “सोड म्हणतेय मी, सोड!”

“मला ओढ ऐकू आलं. मी ओढला.” दादाने कपाळावरचं खारं पाणी पुसलं. तो चिडला नाही, हेच तिला जास्त लागलं.

किनारा सोडून जेमतेम तीन दिवस झाले होते आणि हे असं आधीही घडलं होतं. बोट दादाची. सुतारकामातून वेळ काढून त्याने ती घरामागच्या अंगणात स्वतः बांधलेली, एकेक फळी त्याच्या हाताखालून गेलेली. पण महासागर ओलांडायचा तर कप्तान धाकटीच, कारण तिचं अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलेलं. तिथे हुकूम इंग्रजीत सुटायचे. घरच्या बोटीवर घरचीच भाषा चालेल, हा हट्ट मात्र तिचा.

डाव्या हाताला शेवटचं बेट दिसायला लागलं होतं, बंदराची भिंतसुद्धा ओळखू येत होती. ते ओलांडलं की वारा पाठीमागून लागणार. मग पुढे नुसतं पाणी, आणि मागे फिरायची सोय नाही. सकाळपासून धाकटीच्या डोक्यात एकच घोळत होतं: दादाला इथे उतरवायचं आणि दुसरा कुणी खलाशी घ्यायचा. धाकट्या बहिणीचं ऐकणं काही त्याच्या अंगवळणी पडत नाही, असं ती धरून चालली होती. पण ज्याने बोट बांधली त्यालाच तिच्यातून उतर कसं म्हणायचं?

वहिनी शिडी चढून वर आली. तिच्या एका हातात बटाटा होता, केसांत बटाट्याचं साल.

“भांडून झालं असेल तर मी बोलू?” ती म्हणाली. “मला खाली नुसतं ‘ओड’ ऐकू येतं. काल पण तेच, आज पण तेच. पुढचा ‘स’ वाराच खाऊन टाकतो, वन्सं. मागे उरतो तो ड की ढ, देव जाणे. पण ढ इथे कुणी नाही.”

एवढी साधी गोष्ट बहीणभावांच्या ध्यानात आली नव्हती.

“मग सोडऐवजी ‘ढील दे’ म्हणत जा,” दादा म्हणाला.

“आला का पुन्हा ढ!” वहिनी म्हणाली. “त्यापेक्षा ‘जाऊ दे’ म्हणा. लग्न झाल्यापासून मी यांना तेच सांगत आलेय. ते ऐकलं की हातात असेल ते सोडून देतात. सवयीचं आहे त्यांच्या.”

कप्तानाला पटलं. फार वाट बघावी लागली नाही. लांबवर वाऱ्याच्या झोताने पाणी काळं पडलं आणि ती काळी सुरकुती बघता बघता बोटीवर चालून आली.

“जाऊ दे!”

दादाच्या मुठीतून दोर सरसर सुटला. शीड हलकं झालं, बोट ताठ उभी राहिली आणि पाणी कापत निघाली. पुढच्या झोताला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. हुकूम पुरता व्हायच्या आत दादाचे हात कामाला लागत होते. धाकटीची मान शरमेने खाली गेली. या माणसाला आपण उतरवायला निघालो होतो!

वारा जरा स्थिर झाला तसा दादाने दोर वहिनीच्या हातात दिला आणि तो सुकाणूपाशी येऊन बसला. बेट आता अगदी बाजूला आलं होतं.

“दादा, मी तुला इथे उतरवणार होते.”

“माहीत आहे. सकाळपासून एकदा बेटाकडे बघतेस, एकदा माझ्याकडे. लहानपणी माझी सायकल पळवायची असली की अशीच बघायचीस.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? बोट तुझ्या हवाली केली ना एकदा? उतर म्हणाली असतीस तर उतरलो असतो.”

“चुकलं माझं. तुला ढ काय म्हणाले, मनात काय काय आणलं...”

“जाऊ दे गं,” दादा म्हणाला.

पलीकडे वहिनीने इमानेइतबारे दोर सोडून दिला.

शीड दणादणा फडफडायला लागलं आणि बोट जागच्या जागी डुलू लागली.

“अगं, तुला नाही!” दादा धावला.

“मला काय ठाऊक? हुकूम म्हणजे हुकूम,” वहिनी म्हणाली.

धाकटीला हसू आवरेना, आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. तिने बेटाकडे पाठ फिरवली आणि छाती भरून श्वास घेतला.

“ओढ!”

दादाने दोर मुठीत धरला आणि तो थांबला. शिडाच्या फडफडाटातून त्याने हाक दिली.

“ओढच ना, कप्तान?”

तिला धाकटीशिवाय दुसऱ्या कुठल्या नावाने त्याने जन्मात हाक मारली नव्हती.

“ओढच,” ती म्हणाली, आणि तिने बोटीचं तोंड उघड्या पाण्याकडे वळवलं.